द्राक्षबागांच्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजमेंटची सुरुवात कुठून करावी?

अंबड_सपोर्ट (प्रश्न)

नमस्कार.

मी नाशिकमध्ये अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काही वर्षांपासून ग्राहकसेवेचे काम करतो. आमचे सॉफ्टवेअर द्राक्ष निर्यातदारांसाठी आहे. शेतकऱ्याने आपल्या बागेत कोणते औषध, किती प्रमाणात आणि कोणत्या तारखेला फवारले याची नोंद मोबाइल ॲपमध्ये करायची आणि निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून पेटीबंद करण्याच्या ठिकाणी, ती संगणकावर दिसायची, असे त्याचे स्वरूप आहे. युरोपात जाणाऱ्या मालात औषधांचे किती अंश चालतात, म्हणजे ज्याला आपण रेसिड्यू म्हणतो त्याची मर्यादा, फार कडक असल्यामुळे निर्यातदाराला ही नोंद हवीच असते. पैसे निर्यातदार देतो. शेतकऱ्याला ॲप मोफत आहे.

अलीकडेच मालकांनी सांगितले की, यापुढे प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून तुम्ही काम पाहायचे. आतापर्यंत डेव्हलपरांनी काय करायचे हे मालक स्वतःच सांगत असत, त्यामुळे हे पद म्हणजे नेमके काय, हे विचारायला कार्यालयात दुसरे कोणी नाही. इंटरनेटवर वाचायला बसलो तर रोडमॅप, बॅकलॉग, यूजर स्टोरी, एमव्हीपी, राइस, कानो, ओकेआर अशा शब्दांचा मारा होतो आणि त्यातला पाया कोणता आणि वरची सजावट कोणती, हे उमगत नाही. शिवाय बहुतेक उदाहरणे कोट्यवधी वापरकर्ते असलेल्या ॲपची असतात. आमच्याकडे काही हजार शेतकरी आणि जेमतेम डझनभर निर्यातदार आहेत.

मालकांनी येत्या ऑक्टोबर छाटणीपूर्वी पूर्ण करायच्या कामांची यादी दिली आहे: पानाच्या छायाचित्रावरून रोग ओळखणे, हवामानाच्या सूचना, मजुरांचा हिशेब, ॲपची हिंदी आवृत्ती आणि निर्यातदारांसाठी नवा अहवाल. ही यादी घेऊन डेव्हलपरांमध्ये वाटून देणे एवढेच माझे काम आहे का? मला प्रोग्रामिंग येत नाही, त्याने अडेल का? आणि एखादा महागडा ऑनलाइन अभ्यासक्रम करणे आवश्यक आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गोदाकाठचा पुणेकर

अभिनंदन. आपण दिलेल्या शब्दांपैकी एकही शब्द पुढचे दोन महिने तोंडी आला नाही तरी आपले काही अडणार नाही, हे आधी सांगतो. मी मूळचा पंचवटीचा, सध्या पुण्यात याच कामात आहे, आणि नवीन माणसे आमच्याकडे रुजू होतात तेव्हा त्यांनाही हेच सांगतो.

प्रॉडक्ट मॅनेजरने ज्याचे उत्तर बाळगायचे तो प्रश्न असा आहे: आपण कोणाची कोणती अडचण सोडवीत आहोत, ती अडचण खरोखर आहे हे कशावरून कळले, आणि ती सुटली हे कशावरून कळेल. सॉफ्टवेअर आतून कसे रचायचे हे डेव्हलपर ठरवतात, पडद्यावरचा वापर सोपा कसा होईल हे डिझायनर पाहतो आणि काम कधी पूर्ण होईल याचा पाठपुरावा हे प्रकल्प व्यवस्थापन झाले. लहान कंपनीत हे शेवटचे कामही आपल्याच गळ्यात पडेल, त्याला इलाज नाही. मात्र दिवसभर तारखांचा पाठपुरावा केला म्हणजे प्रॉडक्टचे काम झाले असा समज होऊ देऊ नये, कारण नको असलेली गोष्ट वेळेवर पूर्ण केल्याचे समाधान या क्षेत्रात पुष्कळ लोक मिळवत असतात.

आता आपल्या उत्पादनाकडे येतो, कारण पाया तिथेच दिसेल. आपण लिहिले आहे की पैसे निर्यातदार देतो आणि नोंद शेतकरी करतो. याचा अर्थ असा की ज्याला गरज आहे आणि जो पैसे देतो तो एक, आणि ज्याला कष्ट पडतात तो दुसरा. बागेत सकाळी ट्रॅक्टरवर ब्लोअर जोडून फवारणी करून आलेल्या माणसाने हात धुऊन मोबाइल घ्यावा आणि औषधाचे नाव, मात्रा, पाण्याचे प्रमाण भरत बसावे, यात त्याचा स्वतःचा त्या दिवशीचा फायदा काय? हा प्रश्न आपल्या कंपनीत कोणी विचारला आहे का, ते पाहा. विचारला नसेल तर मालकांच्या यादीतील सर्व कामे पूर्ण होऊनही नोंदी आज जशा येतात तशाच येतील.

यासाठी सर्वांत आधी आपल्याच डेटाबेसमधून एक आकडा काढून घ्या. प्रत्येक नोंदीत फवारणीची तारीख असणार आणि ती नोंद प्रत्यक्ष कधी भरली गेली याची वेळही संगणकाने ठेवलेली असणार. या दोहोंतील अंतर किती दिवसांचे आहे, ते पाहा. बहुतेक नोंदी त्याच दिवशीच्या असतील तर आपले उत्पादन बागेत वापरले जाते. तीन-तीन आठवड्यांच्या नोंदी एकाच संध्याकाळी भरल्या जात असतील तर ते बागेत वापरलेच जात नाही. पॅकहाऊसने मागणी केली की कोणीतरी वहीतून उतरवून घेते, इतकेच. मला हा दुसरा प्रकार संभवनीय वाटतो, पण अंदाजावर न थांबता आकडा पाहिलेला बरा. गावानुसार आणि निर्यातदारानुसार तो वेगळा करून पाहिलात तर आणखी काही कळेल. उदाहरणार्थ, एखाद्या निर्यातदाराच्या शेतकऱ्यांच्या नोंदी वेळेवर येत असतील, तर तिथे कोण काय वेगळे करतो, हे जाऊन पाहता येईल.

त्यानंतर माणसांशी बोला. ग्राहकसेवेत असल्यामुळे आपल्याकडे तक्रारींचा मोठा साठा आहे, पण तक्रार करणारा माणूस निदान ॲप उघडणारा असतो. ज्याने उघडणेच सोडले त्याचा फोन आपल्याला येत नाही. म्हणून न वापरणाऱ्यांकडे मुद्दाम जावे. बोलताना 'अमुक सोय दिली तर वापराल का' असे विचारू नये, कारण समोर बसलेल्या पाहुण्याला चहा पाजणारा आपल्याकडचा शेतकरी नाही म्हणत नाही. त्याऐवजी मागच्या फवारणीच्या दिवशी काय काय झाले ते क्रमाने सांगायला लावावे: औषध कोणी सुचवले, दुकानातून कोणी आणले, कशावर लिहून ठेवले, तो कागद आता कुठे आहे. शक्य असेल तर तो कागद पाहावा.

कोणत्याही नव्या कामाविषयी चार शंका आधी घ्यायच्या असतात. लोकांना ते हवे आहे का, त्यांना ते वापरता येईल का, आपल्या डेव्हलपरांना ते बांधता येईल का, आणि कंपनीच्या व्यवहारात ते बसेल का, म्हणजे पैसा, कायदा, जबाबदारी या दृष्टीने. छायाचित्रावरून रोग ओळखण्याचे काम घ्या. बांधता येईल का हा प्रश्न त्यात मोठा आहेच, कारण वनस्पतिरोगतज्ज्ञांनी तपासून नाव दिलेली हजारो छायाचित्रे लागतील. पण त्याहून मोठा प्रश्न शेवटचा आहे: ॲपने डाऊनी या रोगाला भुरी हा दुसराच रोग म्हटले आणि शेतकऱ्याने त्यावर विसंबून औषध मारले, तर नुकसानीची जबाबदारी कोणाची? हे प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारणे हे आपले काम आहे, आणि ते मालकांची यादी वाटून देण्यापेक्षा बरेच अवघड आहे.

प्रोग्रामिंग न येण्याने अडत नाही. डेटाबेसमधून स्वतः माहिती काढता येईल इतपत एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा मात्र शिका, कारण प्रत्येक आकड्यासाठी डेव्हलपराला विचारावे लागले तर काही दिवसांनी आपण विचारणेच सोडाल. आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात घ्यावी. डेव्हलपर आपल्या हाताखाली नाहीत, त्यांना आज्ञा करण्याचा अधिकार आपल्याला नसेल, आणि तरीही काय बांधले गेले याचा जाब आपल्याला विचारला जाईल. ग्राहकाविषयी खोलीतील इतर सर्वांपेक्षा अधिक आणि नेमके ठाऊक असणे, एवढेच बळ आपल्याजवळ असते.

सातपूर_टूलरूम

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त हे काम सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधून काढले, असा नवीन लोकांचा समज असतो, म्हणून थोडे लिहितो.

अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणाची कंपनी आहे. तिथे नील मॅकेलरॉय नावाचा एक तरुण अधिकारी कॅमे या साबणाच्या जाहिरातीचे काम पाहत होता. त्याच कंपनीचा आयव्हरी हा जुना साबण इतका मोठा होता की कॅमेकडे पूर्ण लक्ष देणारे कोणी नव्हते. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहून मागणी केली की प्रत्येक ब्रँडमागे त्याची समग्र जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसे असावीत. हे टिपण तीनच पानांचे होते आणि पुढे कंपनीने ती पद्धत स्वीकारली. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरचा वंश बहुतेक जण तिथपर्यंत नेतात. मॅकेलरॉय पुढे त्या कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्रीही.

मला त्या टिपणातील कामाचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आपल्या ब्रँडचा माल कोणत्या भागात किती जातो याचा अभ्यास आधी करायचा. जिथे खप चांगला आहे तिथे तो का आहे हे समजून घेऊन ते इतरत्र लागू पडते का पाहायचे. आणि जिथे खप कमी आहे तिथे स्वतः जाऊन विक्रेत्यांशी व ग्राहकांशी बोलून कारण शोधायचे. गोदाकाठच्या मित्राने तुम्हाला डेटाबेसमधून गावनिहाय आकडा काढून मग तिथे जाण्याचा जो सल्ला दिला आहे तो हाच आहे. साबण गेला, मोबाइल आला, क्रम बदललेला नाही.

दुसरे असे की यंत्र बनविणाऱ्या आम्हा लोकांना एक गोष्ट लवकर कळते आणि सॉफ्टवेअरवाल्यांना ती उशिरा कळते. यंत्रात एक सुटा भाग वाढवला की त्याची खरेदी, साठा, तपासणी आणि विक्रीनंतर पुढची दहा वर्षे त्याचा पुरवठा हे सर्व वाढते, म्हणून आमच्याकडे नवीन भाग घालण्यापूर्वी भांडणे होतात. सॉफ्टवेअरमध्ये नवे बटण फुकट आल्यासारखे वाटते, पण ते कोणाला तरी शिकवावे लागते, प्रत्येक नव्या आवृत्तीत तपासावे लागते आणि ते बिघडले की त्याचा फोन ग्राहकसेवेला येतो. तुम्ही आजवर त्याच खुर्चीत बसलात, त्यामुळे मजुरांच्या हिशेबाचे फीचर दिल्यावर हंगामात फोन किती वाढतील, याचा अंदाज कंपनीत तुमच्याइतका कोणालाच येणार नाही. तो अंदाज मालकांसमोर आकड्यात मांडा.

थॉमसन_दिंडोरी

मी प्रॉडक्ट मॅनेजर नाही, द्राक्ष बागायतदार आहे. मुलाने हा धागा दाखवला. असे एक ॲप माझ्याही मोबाइलमध्ये आहे. ते तुमचेच आहे की दुसऱ्या कंपनीचे, हे येथे सांगत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नाही.

आमच्याकडे फवारणीची नोंद पंपाच्या खोलीत टांगलेल्या वहीत होते. लिहितो कधी मी, कधी भाऊ, आणि घाई असली तर फवारणारा गडी तोंडी सांगतो आणि संध्याकाळी घरात कोणीतरी लिहून ठेवते. निर्यातदाराचा फील्ड ऑफिसर आठ-पंधरा दिवसांनी येतो, वहीच्या पानाचा फोटो काढून नेतो आणि ॲपमध्ये तो स्वतः भरतो. ॲपचा पासवर्डही त्याच्याकडेच आहे. त्यामुळे तुमच्या संगणकावर माझ्या नावाने दिसणारी नोंद मी केलेली असेलच असे नाही.

मी भरून पाहिले होते, नाही असे नाही. अडचण अशी की तुमच्या यादीत औषधाचे शास्त्रीय नाव असते आणि मी कृषी सेवा केंद्रातून आणतो ती बाटली कंपनीच्या नावाची असते. एकच घटक पाच कंपन्या पाच नावांनी विकतात, काही बाटल्यांत दोन घटक एकत्र असतात. बाटलीवर बारीक अक्षरात सर्व लिहिलेले असते हे खरे, पण पाऊस उघडल्यावर डाऊनीच्या भीतीने पहाटे फवारायला निघालेला माणूस ते वाचून यादीत शोधत बसत नाही.

आणि खरे सांगायचे तर, फवारून झाल्यावर केलेली नोंद माझ्या कामाची नाही, ती निर्यातदाराच्या कामाची आहे. मला अडचण येते ती फवारणीच्या आधी, दुकानात उभा असताना. दुकानदार एक औषध पुढे करतो. माझा माल अंदाजे चाळीस दिवसांनी निघणार आहे. मग हे औषध आता चालेल का, त्याचे काढणीपूर्वीचे किमान दिवस किती, आणि माझा माल ज्या देशात जाणार तिथे ते चालते का, हे मला त्या क्षणी हवे असते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीत औषधांची यादी असते, त्यात दिवस दिलेले असतात, पण ती यादी दुकानात खिशात नसते आणि असली तरी तिथेही पुन्हा घटकाचेच नाव शोधावे लागते. मी फील्ड ऑफिसरला फोन लावतो. त्याने उचलला तर ठीक.

२०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे युरोपात गेलेल्या मालाची काय अवस्था झाली, हे नाशिक जिल्ह्यातील एकही द्राक्ष बागायतदार विसरलेला नाही. ते वाढ रोखणारे संजीवक आम्ही वर्षानुवर्षे वापरत होतो. त्यामुळे 'चालेल का' हा प्रश्न आमच्या दृष्टीने किती मोठा आहे हे लक्षात घ्यावे. मजुरांचा हिशेब आणि हवामान या गोष्टी माझ्या मोबाइलमध्ये आधीच आहेत.

अंबड_सपोर्ट

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. थॉमसन_दिंडोरी यांच्या प्रतिसादाने माझी झोप उडाली आहे, कारण पासवर्ड फील्ड ऑफिसरकडे असण्याची शक्यता आमच्या कार्यालयात कधी चर्चेलाही आलेली नव्हती. सुचवल्याप्रमाणे तारखांमधील अंतर आज काढून पाहिले. मोठा भाग अनेक दिवसांनंतर, एकगठ्ठा भरलेला दिसतो. एका निर्यातदाराकडे मात्र चित्र बरेच बरे आहे, तिथे मी पुढच्या आठवड्यात जात आहे.

आता प्रश्न असा की मालकांची यादी तशीच समोर आहे. राइस या पद्धतीने गुण देऊन प्राधान्यक्रम लावावा आणि तो तक्ता त्यांच्यासमोर ठेवावा, असा विचार आहे. हे योग्य ठरेल का? आणि दुकानातील प्रश्नाचे फीचर लगेच यादीत सर्वांत वर घ्यावे का?

गंगापूर_रोडवरून

राइसविषयी लिहितो, कारण नवीन माणसे या तक्त्यावर गरजेपेक्षा अधिक विश्वास टाकतात. इंटरकॉम या कंपनीत तयार झालेली ही पद्धत सोपी आहे: काम किती लोकांपर्यंत पोहोचेल, प्रत्येकावर किती प्रभाव पडेल आणि आपल्याला किती खात्री आहे, यांचा गुणाकार करायचा आणि त्याला लागणाऱ्या श्रमाने भागायचे. आपल्या बाबतीत काय होईल ते पाहा. समजा हवामानाच्या सूचना ३,००० शेतकऱ्यांपर्यंत जातील, प्रभाव कमी म्हणून ०.५ धरला, खात्री ५० टक्के आणि श्रम २ माणूस-महिने (एका माणसाचे महिनाभराचे काम म्हणजे एक माणूस-महिना). गुण येतात ३७५. निर्यातदारांच्या अहवालाचा उपयोग १२ जणांना, प्रभाव सर्वाधिक म्हणजे ३, खात्री १०० टक्के, श्रम १ माणूस-महिना. गुण येतात ३६. तक्ता सांगेल की हवामान दहापट महत्त्वाचे आहे. प्रत्यक्षात हवामान प्रत्येक मोबाइलमध्ये फुकट मिळते आणि कंपनीचे सर्व उत्पन्न त्या बारा जणांकडून येते. पद्धत चुकीची नाही, पण वापरणारा आणि पैसे देणारा वेगळा असतो तिथे 'किती लोक' हा आकडा फसवतो. गुण द्यायचेच असतील तर शेतकऱ्यांच्या आणि निर्यातदारांच्या कामांची यादी वेगळी करून द्या.

मालकांशी बोलताना तक्ता पुढे करण्यापेक्षा प्रत्येक कामाचा उगम विचारावा. छायाचित्राचे काम कोणत्या प्रसंगावरून सुचले? एखाद्या निर्यातदाराने मागितले, एखाद्या प्रदर्शनात दुसऱ्या कंपनीकडे पाहिले, की निर्यातदाराच्या कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी कोणी नाराजी दाखवली? उगम कळला की कित्येकदा मूळ अडचण वेगळीच निघते आणि ती सोडवायला लहान काम पुरते. मालक तुमचे विरोधक नाहीत. कंपनीचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो हे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, आणि वर ज्या चार शंका सांगितल्या त्यांतील शेवटच्या शंकेचे उत्तर त्यांच्याकडेच मिळेल.

जे काम घ्यायचे ठरेल त्यासाठी एक पान लिहा. अडचण कोणाची, तिचा पुरावा काय, आपण काय करणार, काय मुद्दाम करणार नाही, आणि कोणता आकडा किती बदलला म्हणजे काम साधले असे मानू. 'मुद्दाम करणार नाही' हा परिच्छेद लिहिताना सर्वांत जास्त वाद होतात, म्हणून तो कधीही गाळू नये. हे पान डेव्हलपर आणि डिझायनर यांना काम सुरू होण्याच्या आधी, तेही मसुदा म्हणून द्यावे, म्हणजे ते त्यात भर घालतील. पक्के ठरलेले पान हातात पडले तर ते फक्त आज्ञा पाळतील, आणि मग सोपा मार्ग त्यांना दिसत असूनही कोणी सांगणार नाही.

वेळेबाबत आपल्या धंद्याची एक खासियत आहे. पुस्तकी सल्ला असा असतो की दर दोन आठवड्यांनी काहीतरी नवीन लोकांच्या हाती द्या आणि शिका. डेव्हलपरांनी दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक टप्प्यांत, काम करावे, हरकत नाही, पण द्राक्षबागेचे चक्र वर्षाचे आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले पन्नास-साठ दिवस फवारण्यांचे. त्या काळात नोंदीच्या पडद्यावर काहीही हलवू नये. जे ऑक्टोबरपर्यंत नीट तयार होणार नाही ते अर्धवट देण्यापेक्षा एप्रिल छाटणीनंतरच्या निवांत काळात न्यावे. असा रोडमॅप, म्हणजे कामांचा पुढचा आराखडा, मालकांना लगेच पटेल, कारण तो त्यांच्या नूतनीकरणाच्या वेळापत्रकाशी जुळतो.

अभ्यासक्रमाविषयी एकच वाक्य: हा हंगाम पार पडेपर्यंत पैसे खर्च करू नका, त्यानंतर आपल्याला काय येत नाही हे ठाऊक असेल आणि त्याच विषयाचे शिक्षण शोधता येईल.

गोदाकाठचा पुणेकर

दुकानातील प्रश्नाविषयी थोडे सावध करतो. एका बागायतदाराने अत्यंत नेमके सांगितले आहे आणि मला ते पटते, पण एका माणसाचे सांगणे म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय हे फीचर नोंदीपेक्षा जोखमीचे आहे. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्यासाठी सर्वसाधारण मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. ॲपने 'चालेल' म्हटले आणि नमुन्यात अंश सापडला, तर कंटेनर अडकेल आणि बोट आपल्याकडे दाखवले जाईल.

म्हणून आधी काहीही न बांधता पाहता येईल का? बागलाणात पूर्वहंगामी बागांची छाटणी पावसाळ्यातच होते, म्हणजे ऑक्टोबरपूर्वी तिथे फवारण्या सुरू झालेल्या असतात. सटाण्याच्या बाजूचे थोडे शेतकरी घ्या आणि त्यांना एक व्हॉट्सॲप क्रमांक द्या. त्यांनी दुकानातून बाटलीचा फोटो पाठवायचा आणि निर्यातदाराच्याच कृषितज्ज्ञाने उत्तर द्यायचे. आपण मध्ये बसून फक्त प्रश्न, उत्तर आणि लागलेला वेळ टिपून ठेवायचा. लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आपणहून फोटो पाठवतात का, यावरून गरज कळेल. बाटल्यांच्या फोटोंतून औषधांच्या व्यापारी नावांची यादी आपोआप तयार होईल, जी ॲपमध्ये आज नाही. आणि ज्याने 'हे मारू का' असे विचारले त्याला दुसऱ्या दिवशी 'मारले का' एवढेच विचारले की फवारणीची नोंदही हाती येते, तीही वेळेवर. शेतकऱ्याला त्याचे उत्तर आणि निर्यातदाराला त्याची नोंद एकाच हालचालीत मिळते का, हे तपासायचे आहे. मिळत असेल तर निर्यातदार त्यासाठी वेगळे पैसे देईल का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

चाचणी सुरू करण्यापूर्वीच निकालाची रेषा कागदावर आखून ठेवा: किती शेतकऱ्यांनी किती वेळा आपणहून विचारले तर पुढे जायचे आणि किती कमी आले तर सोडून द्यायचे. नंतर आखली तर ती जिथे आकडा पडला तिथेच आखली जाते.

थॉमसन_दिंडोरी

आमची छाटणी ऑक्टोबरलाच असते, पण सटाण्याला माझे नातेवाईक आहेत, त्यांच्या बागा आता फुटीवर आहेत. तुम्ही चाचणी करणार असाल तर त्यांना सांगतो. मात्र त्यांच्या वतीने तीन अटी आधीच कळवून ठेवतो. उत्तर दुकान बंद होण्याच्या आत मिळाले पाहिजे, दुसऱ्या दिवशी आलेले उत्तर काही कामाचे नाही. नुसते 'नको' असे न सांगता किती दिवस कमी पडतात तेही सांगावे, कारण काढणी चार दिवस पुढे ढकलणे कधी कधी आमच्या हातात असते. आणि 'नको' म्हटले तर त्याऐवजी काय चालेल हे त्याच संदेशात असावे, नाहीतर माणूस दुकानदाराचेच ऐकतो.

अंबड_सपोर्ट

तिन्ही अटी एका पानावर तशाच उतरवून घेतल्या आहेत. तिसरी अट आमच्या अखत्यारीत बसते की कृषितज्ज्ञाच्या, हे सोमवारी मालक आणि निर्यातदार या दोघांशी बोलून ठरवतो आणि मग आपल्याला व्यक्तिगत संदेश पाठवतो.